बासनाची गाठ

मिस्त्रीचा हात सरळ होता. गल्लीत कुणालाही विचारा, त्याने बसवलेलं दार वीस वर्षांनीही करकरत नाही. असा माणूस एका पुस्तकासाठी एक फळी ठोकायला निघाला आणि त्याला तीन दिवस लागले. तीन दिवस! बायको सारखी विचारत होती, "अहो, फळी ठोकताय की घर बांधताय?" मिस्त्री मोजपट्टी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होता.

पुस्तक शेजारच्या सिस्टरचं होतं. सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातली नर्स. नोकरीतून निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. मुसलमान, विधवा, एकटी राहणारी, आणि जिभेला धार. मिस्त्रीच्या बायकोला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन सलाइन लावून गेली होती आणि चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता. "पेशंटच्या घरी मी चहा घेत नाही, सवय वाईट," म्हणायची. आता तिच्याच मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही लेकीच्या गावी. घर भाड्याचं, ते सोडायचं होतं. तिने भांडी वाटली, पलंग विकला, आणि शेवटी हातात राहिलं एकच. तिच्या अब्बांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढलेलं कुराण.

अब्बा टपालखात्यात कारकून होते. कचेरीतून आले की हातपाय धुऊन रोज एक पान लिहायचे. दुसऱ्या पानाला हात लावायचे नाहीत, घाईने अक्षर बिघडतं म्हणून.

"प्रवासात न्यायची हिंमत होत नाही," सिस्टर म्हणाली होती. "लेकीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. मी तिकडे टेबलावर पडलेली आणि हे कुठल्या तरी माळ्यावर पडलेलं, हे मला सहन व्हायचं नाही. सहा महिन्यांचा प्रश्न आहे, मिस्त्री. तुमच्या घरात पुस्तकाला स्वतःची खोली आहे. तुमच्याकडेच ठेवते."

खोली होती, हे खरं. मिस्त्रीचं घर शिखांचं. माडीवर एकच खोली, कारण तिच्या डोक्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. त्या खोलीत छत्राखाली, मंचावर ग्रंथसाहिब. घरात कुणी त्यांना पुस्तक म्हणत नसे, महाराज म्हणत. शिखांना ग्रंथ हाच गुरू, जिवंत गुरू. मग गुरूची जी काळजी घ्यायची ती सगळी घ्यायची. सकाळी आंघोळ करून, डोक्याला पगडी बांधून मिस्त्री वर जायचा, महाराजांवरचे रुमाल अलगद बाजूला करायचा, उघडायचा आणि वाचायला बसायचा. वाचून झालं की पुन्हा रुमाल पांघरायचा आणि संध्याकाळी त्यांना नीट गुंडाळून निजवायचा. महाराजांना उघडं ठेवून पाठ फिरवायची नाही, उघडलं तर बसायचं आणि वाचायचं, हे त्याला बापाने कान धरून शिकवलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मध्येच उठून पतंगामागे पळाला होता. तो कान अजून आठवणीने दुखायचा.

सिस्टरने त्या दिवशी पांढऱ्या सुती बासनात बांधलेला ग्रंथ आणला. मिस्त्री हात धुऊन, दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. पण द्यायच्या आधी तिने गाठ सोडली, अगदी शेवटचं पान उघडलं आणि खालच्या कोपऱ्यातली ओळ बोटाने दाखवून हळूहळू वाचली. दोनच वाक्यं, आणि ती मिस्त्रीला समजली. त्याला वाटलं, बाई आपल्यासाठी अर्थ करून सांगतेय. तो मान खाली घालून ऐकत राहिला. वाचता वाचता सिस्टरचा आवाज भरून आला, तसं तिने पटकन बासन बांधून टाकलं. बँडेजला मारतात तशी चपटी, घट्ट गाठ.

"नियम फार नाहीत," ती नाक पुसत म्हणाली. "हात धुऊन धरा. जमिनीवर ठेवू नका. त्याच्यावर दुसरं काही ठेवू नका. आणि अधूनमधून उघडा, जरा वारा लागू द्या. घरातल्या माणसासारखं ठेवा म्हणजे झालं."

"हो, हो. काळजीच करू नका," मिस्त्री म्हणाला.

मग सुरू झाली ती मोजामोज. माडीवर ठेवावं, तर तिथे महाराजांच्या बरोबरीला दुसरं आसन मांडता येत नाही. खाली ठेवावं म्हटलं, तर पुढच्या खोलीच्या डोक्यावर माडी, वर माणसांचा वावर. म्हणजे सिस्टरच्या ग्रंथावरून आपण चालणार. छे! मिस्त्री गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींकडे गेला. ग्रंथीजी म्हणजे तिथे पाठ करणारे, वयाने मिस्त्रीहून लहान, पण विचारून गोंधळ वाढवणारे नव्हेत.

"गुरूच्या जागी गुरू एकच," ते म्हणाले. "त्याच्या शेजारी दुसरा मंच मांडायचा नाही, तसा 'प्रकाश' करणं, म्हणजे उघडून मांडणं, चवरी ढाळणंही नाही. पण म्हणून दुसऱ्याचा ग्रंथ कोपऱ्यात टाकायचा, असं कुणी सांगितलं? वेगळी जागा, स्वच्छ जागा, उंच जागा. त्यांच्याकडे कसं ठेवतात ते त्यांनाच विचार आणि तसं ठेव."

"आणि आपल्या महाराजांच्या पोटात मुसलमान फकिरांची बाणी, त्यांची पदं, आहेतच की," घरी आल्यावर बायकोने आपली भर घातली. "पोटात चालते, मग घरात का नाही चालायची?"

शेवटी मागची खोली ठरली. तिच्यावर नुसती गच्ची होती. मिस्त्रीने गच्चीच्या त्या भागाला कठडा घातला, कुणी जाऊ नये म्हणून. बायकोची कपडे वाळत घालायची दोरी नेमकी तिथेच होती. दोरी गेली. मग खोलीतला पलंग फिरवला, पाय त्या भिंतीकडे होऊ नयेत म्हणून. पलंग फिरवला तर कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं. "सासू आली असती तर एवढी उलथापालथ झाली नसती," बायको म्हणाली, आणि फळी बसल्यावर तिच्यावर अंथरायला स्वतःच्या पेटीतला कोरा रेशमी तुकडा काढून दिला.

फळीवर ठेवायला मिस्त्रीने पेटी केली. काय पेटी होती! सागवानाची, कोपरे एकमेकांत अडकवलेले, एक खिळा नाही. झाकण असं बसायचं की बंद करताना आतली हवा उसासा टाकायची. फक्त तळाला सागवान कमी पडलं. कारखान्यात एक उरलेली फळी होती, एका कडेला सालीजवळचं पांढरं लाकूड असलेली. पांढरं लाकूड कच्चं असतं, हे सुताराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वर मखमल येणार, खाली फळी येणार, तळाला कोण बघतंय? मिस्त्रीने तीच फळी लावली. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं असंही नाही, आणि म्हणूनच त्याला त्यात काही वाटलं नाही.

महिनाभराने त्याला सिस्टरचं बोलणं आठवलं. अधूनमधून उघडा. त्याने हात धुतले, पेटीचं झाकण उघडलं, बासनाच्या गाठीला बोट लावलं आणि थांबला. उघडायचं, आणि मग? त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. उघडून, नुसतं बघून, पुन्हा बांधून निघून यायचं? घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला 'बोला' म्हणायचं आणि तो तोंड उघडायच्या आत उठून जायचं, तसं ते झालं असतं. त्याचा कान दुखायला लागला. वाचणाऱ्या कुणाला तरी बोलवावं असंही त्याच्या मनात आलं. पण कुणी म्हणालं की तुमच्याकडे कशाला, आम्ही नेतो, तर? शब्द त्याने दिला होता. त्याने झाकण लावलं. बघू पुढच्या महिन्यात, म्हणाला.

पण नुसतं पुसून यायचंही त्याच्या जिवावर यायचं. माडीवरून वाचून उतरला की तो मागच्या खोलीत यायचा, फळी पुसायचा, पेटीवरचं कापड झटकायचा, आणि मग हात जोडून त्या ग्रंथातली त्याला ठाऊक असलेली दोनच वाक्यं म्हणायचा. सिस्टरने वाचलेली. रोज. बायकोने सुरुवातीला हे नुसतं पाहिलं. पुढे पुढे तीही दारातून ऐकून जायची.

सहा महिन्यांची सात वर्षं झाली. ऑपरेशन झालं, मग लेकीचं बाळंतपण झालं, मग लेकीची नोकरी, मग नातवंडाची शाळा. सिस्टरचे फोन यायचे. "आमचा पाहुणा कसा आहे?" विचारायची.

"एकदम मजेत," मिस्त्री म्हणायचा. दर वेळी हेच.

मग एका सोमवारी फोन आला तेव्हा सिस्टरने पाहुण्याचं विचारलंच नाही. "मिस्त्री, माझे डोळे चाललेत," ती म्हणाली. "दाब वाढलाय आतला. एक गेलाच, दुसऱ्यात खिडकीएवढं दिसतं, तेही फार दिवस नाही. मी तीस वर्षं लोकांना खोटा धीर दिला, मला कुणी देऊ नये. पूर्ण अंधार व्हायच्या आत मला अब्बांचं अक्षर एकदा बघायचंय. गुरुवारी येते."

मंगळवारी सकाळी मिस्त्रीने पेटीला पॉलिश करायचं ठरवलं. सिस्टरला दिसो न दिसो, हाताला तरी गुळगुळीत लागली पाहिजे. सात वर्षांत त्याने पेटी कधी हलवली नव्हती. एकदा आसन दिलं की हलवायचं नाही, असं त्याचा तोच ठरवून बसला होता. त्याने हात धुऊन ती अलगद उचलली.

खाली रेशमी कापडावर पेटीच्याच मापाचा पिवळसर चौकोन होता. पीठ. चाळणीतून पाडल्यासारखं बारीक.

असलं पीठ मिस्त्रीने लोकांच्या घरी शंभर वेळा पाहिलं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, कसलं हो हे? आणि तो मान हलवून सांगायचा, कीड आहे, आतून पोखरलंय. आता त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याची मान हलली. त्याने पेटी तिरकी करून तळ बघितला. पांढऱ्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, मोजता येणार नाहीत इतकी. झाकण उघडलं. सिस्टरची चपटी गाठ जशीच्या तशी होती. बासन उचलून खालची बाजू वर केली, तर कापडालाही तीच भोकं. सागवानाला कीड शिवली नव्हती. ती तळातून निघून सरळ वर गेली होती, मखमलीतून, बासनातून, अब्बांच्या पानांत.

मिस्त्री मटकन पलंगावर बसला. ग्रंथ मात्र हातातच धरून होता, मांडीवरसुद्धा टेकवला नाही. बायको हाक मारून दमली तेव्हा आत आली आणि ते पीठ बघून तिथेच उभी राहिली. सुताराची बायको ती, तिला सांगायची गरज नव्हती.

"माझ्या हाताने," मिस्त्री म्हणाला. "अगं, माझ्या हाताने झालंय हे. बाहेरून कुणी आलं नाही. मीच आणून बसवली कीड त्याच्याखाली, आणि वर रोज हात जोडत होतो."

तिने आधी त्याच्या हातातून ग्रंथ घेतला, माजघरातल्या टेबलावर धुतलेली चादर घालून त्यावर ठेवला. पेटी उचलून अंगणात नेली. मग परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

"गाठ तशीच आहे," ती हळूच म्हणाली. "नवीन बासन वरून बांधू. तिला आता धड दिसत नाही म्हणाली ना..." आणि आपणच बोललेलं ऐकून तिने जीभ चावली. "नको. काय बोलले मी! नको."

मिस्त्री तिच्यावर चिडला नाही, कारण त्याच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि तिच्या आधी.

"उघडून बघा तरी, किती गेलंय ते," ती म्हणाली.

"आता? सात वर्षं सोडली नाही ती गाठ आता चोरासारखी सोडू? तिने बांधलीय, तीच सोडेल. पण हातात द्यायच्या आधी सांगेन. दारातच सांगेन."

बुधवारी त्याने काम केलं नाही. जेवला नाही म्हटलं तरी चालेल. माडीवर महाराजांसमोर वाचायला बसला आणि ओळ चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा चुकला. एका नर्सने आपल्या बायकोला वाचवलं, तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि ती आपल्याला धड सांभाळता आली नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. खाली आल्यावर सवयीने पाय मागच्या खोलीकडे वळले. फळी रिकामी. तो माजघरात गेला, टेबलासमोर उभा राहिला, पण त्या दिवशी ती दोन वाक्यं त्याच्या तोंडातून निघाली नाहीत.

गुरुवारी दहाच्या सुमारास सिस्टर आली. लेक तिला दारात सोडून बाजारात गेली, दुपारी येते म्हणाली. सिस्टर वाळली होती. हातात काठी, कमरेला पट्टा. मान थोडी वाकडी करून ती उरलेल्या डोळ्याने समोरचा माणूस शोधत होती.

"मिस्त्री, पगडी दिसली, खाली तुम्हीच असाल," ती म्हणाली. "वहिनी कुठेयत? आज मी चहा घेणार आहे. आता पेशंट मी आहे."

"सिस्टर, आत यायच्या आधी ऐका," मिस्त्री दारातच म्हणाला. दोन दिवस घोकून ठेवलेलं सगळं विसरला. "तुमच्या ग्रंथाला कीड लागली. मी केलेल्या पेटीतून लागली. पेटीचं लाकूड कच्चं होतं, मला माहीत होतं, तरी वापरलं. किती गेलंय मला ठाऊक नाही. मी गाठ सोडली नाही."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू विझायला थोडा वेळ लागला. "मला तिथे न्या," एवढंच म्हणाली.

बायकोने तिला हात धरून टेबलाजवळ खुर्चीत बसवलं. तिने आधी हात धुवायला पाणी मागितलं. मग गाठीवर बोटं फिरवली. गाठ आपलीच आहे हे तिच्या बोटांना कळलं. सोडायला वेळ लागला, सात वर्षांत ती घट्ट होऊन बसली होती. तिने पुठ्ठा चाचपला, पहिली पानं उलटली. ती शाबूत होती. अर्ध्यापर्यंत शाबूत होती. मग बोटांना खरखर लागायला लागली आणि पुढे प्रत्येक पानाला वाढत गेली. शेवटच्या भागात पानं एकमेकांना चिकटली होती आणि उलटताना त्यातून पीठ पडत होतं.

"शेवटची छोटी प्रकरणं," ती म्हणाली. "लहान पोरांना आधी हीच शिकवतात. मला अब्बांनी याच पानांवर बोट ठेवून शिकवली."

आणि मग ती भडकली. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? अधूनमधून उघडा! कानात बोळे घातले होते का? एकदा उघडलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. सात वर्षं, मिस्त्री! सात वर्षांत एकदा गाठ सोडायला काय झालं होतं?"

"मला वाचता येत नाही," मिस्त्री म्हणाला.

"वाचायला कुणी सांगितलं होतं?"

"आमच्याकडे उघडलं की वाचतात, सिस्टर. वाचायचं नसेल तर उघडत नाहीत. उघडून पाठ फिरवायची नाही, असं मला शिकवलंय. मला वाटलं, तुमच्या ग्रंथाचा अपमान होईल." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. "घरात सगळ्यात चांगली जागा दिली त्याला. डोक्यावरून कुणी चाललं नाही. पाय कुणी केले नाहीत. रोज पुसलं."

 सिस्टरचा हात त्या पिठावर होता.

"दवाखान्यात असे पेशंट यायचे," मग ती म्हणाली. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "चांगल्या घरचे. पांढरीशुभ्र चादर, डोक्याशी फुलं, अंगावर सुरकुती नाही. आणि कूस बदलायला गेलं की पाठीला ही एवढी जखम. घरचे रडायचे. म्हणायचे, सिस्टर, आम्ही त्यांना हलू दिलं नाही हो, त्रास होईल म्हणून. मी त्यांना ओरडायची. पण त्यांनी प्रेम केलं नाही, असं मला कधी म्हणता आलं नाही."

मिस्त्रीची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"ही पानं आता वाचायची नाहीत," सिस्टर म्हणाली. "स्वच्छ कापडात बांधून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरायची. ती पाठ आहेत मला, त्यांची भीती नाही. माझ्यासाठी शेवटचं पान बघा, मिस्त्री. खालचा कोपरा. त्याच्यासाठी आले होते मी."

मिस्त्रीने पुन्हा हात धुतले आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या ग्रंथाचं पान उलटलं. खालच्या कोपऱ्यात कागद उरलाच नव्हता. जाळी होती, आणि फुंकर लागली तर तीही उडाली असती.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही तिथे."

"तिथे अब्बांची ओळ होती," सिस्टर म्हणाली. "लिहून संपल्यावर त्यांनी स्वतःची लिहिली होती, माझ्यासाठी. लिपी तीच, पण आपल्या घरच्या बोलीत. मला अर्थ आठवतो, पण शब्द निसटलेत. ऑपरेशननंतर कितीतरी गोष्टी अशा गेल्या. 'ये' म्हणाले होते की 'बस' म्हणाले होते? रोज घोळवते आणि रोज वेगळं होतं. म्हटलं, डोळा आहे तोवर एकदा बघून पक्कं करावं, मग अंधार झाला तरी चालेल." तिने चष्मा काढला. "जाऊ दे आता."



"तुम्ही मला त्या दिवशी वाचून दाखवलीत ती?" मिस्त्रीने विचारलं. "देताना? शेवटच्या पानावरची?"

"हो, तीच."

"ती तुमच्या वडिलांची होती?"

"मग कुणाची?"

"मला वाटलं, देवाची आहे," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही ग्रंथातलं वचन सांगताय. त्यात 'पोरी' आहे ना, म्हणून मी थोडा अडलो होतो. पण आमच्या बाणीत भक्ताला नवरी म्हणतात. म्हटलं, तुमच्याकडे लेक म्हणत असतील." तो थांबला. "मला त्यातलं तेवढंच येत होतं. म्हणून रोज तेच म्हणायचो. पेटीसमोर उभा राहून, हात जोडून. एक दिवस चुकवला, तो कालचा."

सिस्टरचा हात हवेतच राहिला. "रोज?"

"हिला विचारा."

"रोज," बायको दारातून म्हणाली. "मलासुद्धा पाठ झालंय."

"म्हणा," सिस्टर म्हणाली.

मिस्त्रीने पगडी सारखी केली, हात जोडले आणि रोज म्हणायचा तसंच, तिने वाचलं होतं त्याच चालीत, थांबली होती तिथेच थांबून म्हटलं:

"शब्द त्याचे, चुका माझ्या. पोरी, दमलीस की इथे येऊन बस."

'चुका माझ्या'वर त्याचा आवाज फुटला, पण वाक्य त्याने सोडलं नाही.

सिस्टर आधी हसली. टपालखात्यातल्या कारकुनाची चिठ्ठी सात वर्षं देवाची म्हणून वाचली गेली, याचं तिला हसूच आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "येऊन बस," ती म्हणाली. "दोन्ही होतं. ये पण होतं आणि बस पण."

 चहा गार झाला.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

मिस्त्रीने पुन्हा म्हटलं. सिस्टरला मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जमिनीवर बसायला साफ मनाई केली होती. तिने काठी भिंतीला लावली, टेबलाची कड धरली आणि मिस्त्रीची बायको 'अहो, अहो' करत धावायच्या आत, हळूहळू, त्या ग्रंथाच्या पायाशी खाली बसली.